चित्रकथेचा कर्ता कोण?

आपल्या सुशिक्षित घरांत पुस्तकांचे दोन वर्ग पाडण्याची जुनी वहिवाट आहे. ज्यात चित्रे नाहीत ते पुस्तक मोठ्यांचे आणि ज्यात चित्रे आहेत ते मुलांचे. पहिल्या वर्गातील पुस्तके कपाटात काचेमागे विराजतात. दुसऱ्या वर्गातील पुस्तके आगगाडीच्या प्रवासात आणि उन्हाळ्याच्या सुटीत हाताळली जाऊन अखेर रद्दीवाल्याच्या तराजूत पडतात. या वहिवाटीस आधार कोणता असे विचारले तर तो सापडावयाचा नाही. परिणाम मात्र ठळक आहेत. त्यांतील सर्वांत अन्यायाचा परिणाम असा की, शब्द लिहिणाऱ्यास आपण ग्रंथकार म्हणतो आणि चित्र काढणाऱ्यास, फार झाले तर, सजावट करणारा कारागीर. ही समजूत निराधार तर आहेच, पण तिच्यामुळे आपल्या शेजारच्या एका सबंध जमातीच्या वाणीचे मोल कमी होत आहे. हे दाखविणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उदाहरणादाखल आम्ही दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या दांपत्याचे कर्तृत्व घेतो. हे दोघे मध्य प्रदेशातील परधान गोंड जमातीचे. दुर्गाबाईंचा जन्म मंडला जिल्ह्यातील बुरबासपूरचा. सणावारी घराच्या भिंतींवर व जमिनीवर ‘डिगना’ नावाची जी नक्षी काढतात, ती त्या लहानपणीच आजीपाशी शिकल्या. सुभाष हे मूळचे मूर्ती घडविणारे. २००६ साली भज्जू श्याम व रामसिंह उर्वेती यांच्यासह दुर्गाबाईंनी झाडांच्या रात्रीच्या जीवनावर एक चित्रग्रंथ सिद्ध केला. चेन्नईच्या तारा बुक्सने काढलेल्या त्या ग्रंथास २००८ साली इटलीतील बोलोन्या येथील बालपुस्तकांच्या जत्रेत पारितोषिक मिळाले. पुढे २०११ साली दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने ‘भीमायन’ ही चित्रकथा प्रसिद्ध केली. तीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या आयुष्यातील अस्पृश्यतेचे अनुभव आहेत; कथेची मांडणी श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांची, आणि चित्रे व्याम दांपत्याची. २०२२ साली दुर्गाबाईंस पद्मश्री मिळाली. इतका हा वृत्तान्त वर्तमानपत्रांतून आला आहे. तो वाचून आपले सुशिक्षित गृहस्थ म्हणतात, “वा! आदिवासी कला किती सुंदर असते!” आणि पान उलटतात. आमचा वाद या ‘सुंदर’ शब्दाशी आहे.

सुंदर म्हणून जिची बोळवण होते ती चित्रे प्रत्यक्षात काय करतात ते पाहावे. चित्रकथेचा रूढ आकार म्हणजे चौकटींची माळ. एका चौकटीत एक क्षण, पुढच्या चौकटीत दुसरा. व्याम दांपत्याने ही चौकटच नाकारली. आपल्या माणसांस डब्यात कोंडले तर त्यांचा जीव गुदमरेल, त्यांस मोकळी जागा हवी, असे त्यांचे म्हणणे. ज्या पुरुषाच्या आयुष्याची कथा सांगावयाची, त्यास जन्मभर लोकांनी ‘येथवरच ये, पुढे येऊ नकोस’ असे बजावले. त्याचीच कथा पुन्हा रेघांच्या कुंपणात सांगणे हा केवढा विसंवाद! विद्यापीठातील एखाद्या टीकाकाराने हा विचार मांडला असता तर आम्ही त्यावर परिसंवाद भरविला असता. तो एका अशा स्त्रीने आपल्या पतीसह मांडला जिला शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नाही, आणि तो शब्दांत न मांडता रेघेत मांडला, म्हणून आम्ही त्यास नक्षी म्हणतो.

आणखी पाहा. चित्रकथेत पात्रांच्या तोंडचे शब्द फुग्यांत घालतात. हा फुगा सर्वांसाठी एकाच आकाराचा. साधू बोलो की चोर बोलो, फुगा तोच. ‘भीमायन’मध्ये सहृदय माणसाचे बोलणे पक्ष्याच्या आकारात येते. ज्याच्या बोलण्यात विष आहे, त्याच्या शब्दांच्या शेवटी विंचवाची नांगी आहे. जो विचार मनातच राहतो, त्यापाशी डोळा काढलेला आहे. म्हणजे शब्द वाचण्यापूर्वीच तो शब्द कोणत्या जातीचा आहे हे वाचकास कळते. अस्पृश्यतेची कथा सांगताना याहून नेमके साधन कोणते असू शकेल? लहानग्या भीमास पाणी नाकारणाऱ्याचे शब्द कोशात पाहिले तर साधेच असतात. डंख असतो तो त्या शब्दांमागच्या समजुतीत. तो डंख लेखकाने विशेषणे जोडून सांगितला असता तर भाषण झाले असते. चित्रकाराने नांगी काढून तो एका दृष्टिक्षेपात सांगितला.

या ग्रंथाचे विषय तीन आहेत: पाणी, निवारा आणि प्रवास. आंबेडकरांनी स्वतः लिहिलेल्या आठवणींचा त्यास आधार आहे. शाळेतील तहान, १९०१ सालचा वडिलांच्या भेटीसाठी केलेला प्रवास, बडोद्यास पारश्यांच्या उतारशाळेतून झालेली हकालपट्टी, महाडचा १९२७ सालचा सत्याग्रह, आणि १९३४ सालचा दौलताबादचा प्रसंग. या शेवटल्या प्रसंगाकडे आम्ही मराठवाड्यातील वाचकांचे विशेष लक्ष वेधतो. वेरूळची लेणी पाहण्यास निघालेली आंबेडकरांची मंडळी वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबली, प्रवासाची धूळ धुण्यासाठी दाराजवळच्या हौदाच्या पाण्याने त्यांनी हातपाय धुतले, आणि हौद बाटविला म्हणून गिल्ला झाला. म्हणजे ही कथा दूर देशची नव्हे; आपण शाळेच्या सहलीस जेथे मुलांस नेतो, तेथल्या पाण्याची आहे. तो किल्ला त्या चित्रांत दगडाचा राहत नाही, हिंस्र श्वापद होतो. बखरीत किल्ला अजिंक्य असतो आणि मार्गदर्शिकेत प्रेक्षणीय; तहानलेल्या माणसास तो कसा दिसतो हे सांगावयास मात्र परधानांची रेघ यावी लागली.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, चित्रकथा हा पोरांचा खेळ आहे, परदेशी आहे, आणि गंभीर विषयास तो पेलत नाही. ज्यांस हा प्रकार परदेशी वाटतो त्यांनी कुडाळजवळच्या पिंगुळीस जावे. तेथील ठाकर समाजाचे चित्रकथी पोथीतील एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारताच्या कथा गाऊन सांगत आले आहेत. त्यांपैकी परशुराम गंगावणे यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली. या चित्रांस ‘पैठण शैली’ असेही म्हणतात, आणि पैठण मराठवाड्यात आहे हे कोणास सांगावयास नको. चित्र पुढे ठेवून कथा सांगणे ही या मातीतील जुनी विद्या होय. तिच्यापुढे थोरांनीही माना डोलविल्या. ती पोरांपुरती मर्यादित होती असे कोणी म्हटलेले नाही. छापखाना आला, चित्रकथीची पोथी दोन आण्यांची पुस्तिका झाली, आणि तेवढ्यावरून आपण तिचे वय कमी केले.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य आहे. ‘भीमायन’मधील शब्द दुसऱ्यांचे, घटना आंबेडकरांच्या, मग चित्रकारांस कर्तृत्व द्यावयाचे ते कशाबद्दल? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी आम्ही एक प्रतिप्रश्न विचारतो. १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केलेली ‘अमर चित्रकथा’ ज्यांच्या घरी आली नाही असे सुशिक्षित मराठी घर विरळा. तिच्या चित्रकारांत राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशी आपलीच माणसे होती. पै यांचे नाव सर्वांस ठाऊक. या तिघांची नावे किती घरांत ठाऊक आहेत? मुलांच्या डोळ्यांपुढे जो कृष्ण उभा राहिला तो वाईरकरांचा, जो शिवाजी उभा राहिला तो मुळीकांचा. १९७९ सालच्या पुस्तिकेतील आंबेडकर कदमांच्या हातचे. एका पिढीच्या कल्पनेतील देव आणि वीर ज्यांनी घडविले, ती माणसे त्या पिढीस अनामिक राहिली. म्हणजे हा अन्याय केवळ आदिवासींवर होतो असे नाही. चित्र काढणाऱ्या प्रत्येक हातावर होतो. फरक इतकाच की, वाईरकर-मुळीकांस आपण निदान चित्रकार म्हणतो. व्याम दांपत्यास ‘कला’ म्हणतो, जणू त्या चित्रांमागे माणूस नसून जंगल आहे.

आणि उत्तर हवेच असेल तर ते सरळ आहे. १९७९ सालची पुस्तिका आणि २०११ सालचा ग्रंथ यांतील पुरुष एक, घटना पुष्कळशा त्याच. तरीही दोन्ही वाचून मनावर उमटणारा ठसा निराळा आहे. पहिल्या पुस्तिकेत एक कर्तबगार पुरुष संकटे ओलांडून मोठा होताना दिसतो. दुसऱ्या ग्रंथात पाणी, रस्ता, आगगाडी, किल्ला, पशू आणि पक्षी हे सारेच त्या तहानेचे साक्षी होतात. महाडच्या सभेतील ध्वनिक्षेपकांतून शब्दांबरोबर पाण्याचे शिंतोडे श्रोत्यांवर पडतात. भाषणाचे हे वर्णन कोणत्याही वृत्तान्तात नाही, आणि तरी कोणत्याही वृत्तान्ताहून खरे आहे. हा फरक ज्याने घडविला तो कर्ता नव्हे, तर मग कर्ता या शब्दाचा अर्थ तरी काय? प्रकाशकाने मुखपृष्ठावर चित्रकारांची नावे लेखकांच्या आधी घातली, ती शिष्टाचार म्हणून नव्हे. तो हिशेबाचा चोखपणा होय.

तिसरा आक्षेप शुद्धतावाद्यांचा. ते म्हणतात, ही खरी परंपरा नव्हेच. कागदावरची ही चित्रे काल-परवाची आहेत. गोष्ट खरी आहे, आणि तीतच त्यांच्या आक्षेपाचे उत्तर आहे. परधान हे गोंडांचे भाट. ‘बाना’ नावाचे तंतुवाद्य वाजवून बडा देवाची आळवणी करावयाची, गोंड यजमानांच्या कुळांच्या कथा गावयाच्या आणि त्यांनी दिलेल्या दानावर चरितार्थ चालवावयाचा, हा त्यांचा धर्म. गोंडांची राज्ये गेली, यजमान दरिद्री झाले, दान आटले. १९८१ साली भोपाळच्या नियोजित भारत भवनासाठी चित्रे धुंडाळणाऱ्या जगदीश स्वामीनाथन यांच्या मंडळींस पाटणगढ गावी जनगढ सिंह श्याम हा तरुण आढळला. वाद्यावर जे गायिले जात होते ते त्याने कागदावर आणले. १९८९ साली पॅरिसच्या एका मोठ्या जागतिक प्रदर्शनात त्याची चित्रे मांडली गेली; जाणते लोक या शैलीस ‘जनगढ कलम’ म्हणतात. त्याची पत्नी नानकुसिया ही सुभाष व्याम यांची बहीण, आणि या कुटुंबांतील कित्येकांनी पुढे त्याच्यापाशीच कुंचला हाती घेतला. तेव्हा भाटाने वाद्य ठेवून लेखणी घेतली म्हणजे परंपरा मोडली असे ज्यांस वाटते, त्यांस परंपरा म्हणजे काय हेच उमगलेले नाही. कथा सांगणे ही परंपरा. बाना हे तिचे एक साधन होते, कागद हे दुसरे.

हीच गोष्ट भज्जू श्याम यांच्या अनुभवाने आणखी स्पष्ट होते. लंडनमधील एका उपाहारगृहाच्या भिंती रंगविण्यासाठी त्यांस तिकडे नेण्यात आले होते. परतल्यावर त्यांनी २००४ साली आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्या लंडनचे पुस्तक केले. त्यात शहराची मोटारबस इमानी कुत्र्याच्या रूपात येते, भुयारी रेल्वे गांडुळाच्या, आणि ते प्रसिद्ध घड्याळ वेळ सांगणाऱ्या कोंबड्याच्या. साहेबांनी हिंदुस्थानची प्रवासवर्णने लिहावयाची आणि आम्ही ती क्रमिक पुस्तकांत वाचावयाची, या दीडशे वर्षांच्या रिवाजास एका परधानाने असे उत्तर दिले. ज्यास सजावटीसाठी नेले तो ग्रंथकार होऊन परतला!

चौथा आक्षेप मात्र वजनदार आहे. व्याम दांपत्य आदिवासी. ते आंबेडकरांच्या समाजाचे नव्हेत. पुस्तक प्रथम निघाले तेही इंग्रजीत. मग ज्यांची कथा त्यांचा हात कोठे आहे? हा प्रश्न जगात अन्यत्रही विचारला गेला आहे, आणि कृष्णवर्णी अमेरिकनांनी त्यास दिलेले उत्तर आपण ऐकण्याजोगे आहे. तेथील चित्रकथांत त्यांचा माणूस दिसे तो विदूषक किंवा चाकर म्हणून. १९३७ साली जॅकी ऑर्म्स या स्त्रीने पिट्सबर्गच्या एका कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रात आपल्या समाजातील तरतरीत तरुणीची चित्रमाला सुरू केली. १९४७ साली फिलाडेल्फियाचे पत्रकार ऑरिन इव्हान्स यांनी लेखकही कृष्णवर्णी आणि चित्रकारही कृष्णवर्णी अशी एक संपूर्ण चित्रकथा-पुस्तिका काढली. पहिला अंक निघाला. दुसरा तयार असूनही निघाला नाही, कारण त्यांस छपाईचा कागदच विकण्यास व्यापारी तयार होईनात. या एका घटनेत सारे सार आहे. हात आपला असणे पुरेसे नाही. कागद आणि छापखाना यांवर कोणाची सत्ता आहे, हा प्रश्न उरतोच. शिकागोचे टर्टल ऑनली यांच्यासारखे आफ्रिकेस केंद्रस्थानी मानणारे चित्रकथाकार पुढे स्वतःच चित्रकार, स्वतःच प्रकाशक झाले, ते याच कारणाने.

महाराष्ट्रास हे नाते नवे नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील दास्यविमोचन करणाऱ्या सज्जनांस. आणि १९७२ साली मुंबईच्या दलित तरुणांनी आपल्या संघटनेस ‘पँथर’ हे नाव दिले ते तिकडील चळवळ पाहून. दलित साहित्याने शब्दाच्या क्षेत्रात आपला हात आणि आपली वाणी मिळविली. चित्राच्या क्षेत्रातही ती मिळाली पाहिजे, हे आक्षेपकांचे म्हणणे आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. परंतु त्यावरून व्याम दांपत्याची कामगिरी उणी ठरत नाही. त्यांनी आंबेडकरांचे चित्र उसन्या नजरेने काढले नाही. आपल्या अंगणातील नक्षी, आपले पशुपक्षी, आपली कथनाची रीत घेऊन काढले. दाराबाहेर ठेवलेल्या एका समाजाने दाराबाहेर ठेवलेल्या दुसऱ्या समाजाची कथा स्वतःच्या भाषेत सांगितली. यास उपरेपणा म्हणावयाचे असेल तर सहानुभूती या शब्दाचे काय करावयाचे?

हे सारे आम्ही इस्लापुरास बसून लिहीत आहोत, व त्यास कारण आहे. सहस्रकुंडाच्या धबधब्यामुळे या बाजूस येणाऱ्या पुष्कळ प्रवाशांस ठाऊक नसते की, १९५६ पूर्वी इस्लापूर हे आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यातील एक महसुली मंडळ होते. राज्यपुनर्रचनेच्या वेळी किनवट तालुक्याबरोबर ते हैदराबाद राज्यातून निघून मराठी मुलखात आले. नकाशावरची रेघ बदलली. गोंड, कोलाम, परधान, आंध ही माणसे होती तेथेच राहिली. येथील परधानही भाटच. पाटणगढच्या परधानांचा बाना, तर गोदावरी-पैनगंगेच्या या पट्ट्यातील परधानांची किकरी. १९४०नंतरच्या दशकात फ्यूरर-हैमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन पंडिताने आदिलाबादच्या राजगोंडांच्या ज्या पुराणकथा टिपून घेतल्या, त्यांचे मुख्य वाहक हे परधानच होत. १९४८ साली त्याचा ग्रंथ निघाला. अभ्यासकांस तो ग्रंथ सापडतो. ज्यांच्या तोंडून त्यातील कथा आल्या, त्यांच्या नातवंडांस तो सापडत नाही.

या नातवंडांपुढे आज आपण कोणते चित्र ठेवले आहे? आपल्या चित्रकथांतील राक्षस काळाकभिन्न, जाड ओठांचा, कमरेस कातडे गुंडाळलेला असतो. आणि नायक, तो वनवासात असला तरी, गोरा. वर्गात बसलेल्या गोंडाच्या पोराने त्या पानावर आपला चेहरा शोधावा कोठे? दुसरीकडे शहरांतील दिवाणखान्यांत हरणाच्या शिंगांतून झाड उगवलेल्या चित्रांचे पेले, पडदे आणि उशांचे अभ्रे वाढत आहेत. वारली चित्रांचे हेच झाले. जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या थोर चित्रकाराच्या हातून निघालेली रेघ आज कोणाच्याही सदऱ्यावर बिननावाने फिरते. चित्रकारास कथाकार न मानता नक्षीकार मानले म्हणजे बाजार त्याच्यापाशी नक्षीच मागतो. मग तोही नक्षीच देतो, कारण पोट आहे. अशा रीतीने भाट मुका होतो, आणि त्याचे मुकेपण आपण चौकटीत बसवून भिंतीवर टांगतो.

जनगढ सिंह श्याम यांनी २००१ साली जपानमध्ये, जेथे ते चित्रे काढण्यास गेले होते त्या मिथिला संग्रहालयातच, आत्महत्या केली. एका माणसाच्या अंताचा उलगडा एका वाक्यात करणे हा उद्दामपणा होईल. परंतु चित्र ज्याच्या हातचे आणि चित्र ज्याच्या मालकीचे, या दोघांमधील व्यवहार कोणत्या पायावर उभा असावा, हा प्रश्न त्या मृत्यूने साऱ्या कलारसिकांपुढे ठेवला. त्याचे उत्तर पारितोषिके देऊन देता येत नाही.

तेव्हा आमचे मागणे मोठे नाही. चित्रकथेचे परीक्षण लिहिताना चित्रकाराचे नाव कथालेखकाच्या बरोबरीने घ्यावे, आणि ‘चित्रे समर्पक आहेत’ या एका वाक्यावर त्याची बोळवण करू नये. त्याने काय विचार केला ते लिहावे. ग्रंथालयांनी ‘भीमायन’सारखे ग्रंथ बालविभागातून काढून चरित्रांच्या फळीवर आणावेत. प्रकाशकांनी चित्रकारास एकरकमी मजुरी देऊन मोकळे न होता ग्रंथकाराप्रमाणे विक्रीचा हिस्सा द्यावा. आणि किनवट-इस्लापूरकडील शाळांनी स्नेहसंमेलनात गोंडांच्या पोरांस मोरपिसे लावून नाचविण्यापूर्वी, त्यांच्या आजोबांच्या किकरीतील एक कथा त्याच पोरांकडून कागदावर चित्रांत सांगवून घ्यावी. कागद कोरा द्यावा. त्यावर आधीच चौकटी आखून देऊ नयेत.